शेळीनं कवा दारू पिली?

बाळाबाई कातकरीण दारू पिऊन मेली, असं आमच्या माले गावात कुणी अजूनही म्हणालं की माझं डोकं फिरतं. म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तिला पाहिलेलंसुद्धा नाही. तरी म्हणतात. कातकरीण होती, पोट फुगून मेली, म्हणजे दारूच. विचार करायचे कष्ट कशाला घ्या? मी तिला पाहिलंय. नुसतं पाहिलं नाही, तिच्या टोपलीत जे पडायचं ते माझ्या हातानं पडायचं. तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा पहिला हक्क माझा.

माझं माहेर माण. सत्तावन्न साली मी हैबतरावांची धाकटी सून होऊन माल्याला आले. आल्याच्या तिसऱ्या दिवशी परसदारी एक काळीसावळी, काटक बाई येऊन उभी राहिली. गुडघ्यापर्यंत लुगडं, कमरेला कोयता, हातात मुळासकट उपटलेल्या झाडपाल्याची जुडी. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि माझ्या सासूबाईंना, तुळजाबाईंना, विचारलं, "ही नवी व्हय? हाडं लई बारीक हायेत. खायाला घालतीस का न्हाई हिला?"

गावात सासूबाईंना 'तू' म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण कातकरवाडीवर अहो-जाहोची रीतच नाही. बाळाबाई माझ्या सासऱ्यांना 'आबा, तू' म्हणायची आणि गस्तीला आलेल्या फौजदारालाही 'तू' म्हणायची. लोक हसून सोडून द्यायचे, कारण काविळीला तिच्यासारखं औषध पंचक्रोशीत कुणाकडं नव्हतं.

औषध म्हणजे भुईआवळी. ताकात वाटून तीन सकाळी द्यायची आणि वर तीन आठवडे पथ्य. तेल नाही, तळण नाही, मीठ बोटाच्या टोकाएवढं. लोक पथ्य विसरायचे आणि बरे झाले की भुईआवळीचा उदोउदो करायचे. तिला त्याचा राग यायचा. "पाला काय करतुया?" ती म्हणायची. "कावीळ आपली आपुन उतरती. पाला नुसता राखन बसतुया." आपल्याच औषधाबद्दल इतकं खरं बोलणारा वैद्य मी पुढं आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

एरवी ती आणि तिचा नवरा सावळ्या आमच्या शेतावर मजुरीला असायचे. डोंगरउतारावर आमची वरी आणि नाचणी, खाली खाचरात भात. आश्विनात वरी खळ्यावर यायची. झोडून, वारवून, चाळून झाली की चांगली वरी घरात. त्यातलीही निवडक सासूबाईंच्या उपासांना वेगळी ठेवायची. चाळणीखाली जे पडायचं, म्हणजे फुटका दाणा, माती, कोंडा आणि रानातलं गवताचं बी, आणि शेवटी खळं झाडून जे निघायचं, ते मातेरं. ते कातकऱ्यांचं. मजुरीचे चार दाणे आणि वर मातेरं, अशी बोली वाडवडलांपासून चालत आलेली.

"त्यांचा मान आहे तो," सासूबाई मला म्हणाल्या आणि सूप माझ्या हातात दिलं. मान! मीही मोठ्या मनानं टोपल्या भरल्या. जरा जास्तच भरल्या, कारण नवी होते आणि चांगलं नाव मिळवायचं होतं.

अठ्ठावन्नच्या पावसाळ्यात सावळ्याचं पोट फुगलं. आता सावळ्या पीत होता, हे खोटं कशाला सांगू? दारूबंदीचा काळ, पोलीस वाडीवर येऊन मडकी फोडायचे आणि आठ दिवसांत नवी मडकी चढायची. भिकू भगतानं सावळ्याच्या पोटावर तापल्या विळ्याचे डाग दिले. डाग पिकले, पोट वाढतच गेलं आणि दसऱ्याच्या आत तो मेला. गाव म्हणालं, दारूनं खाल्ला. बाळाबाईसुद्धा तेच म्हणाली.

पुढच्या श्रावणात तिचेच पाय सुजले.

मग पोट. हातांच्या काड्या झाल्या, गालफडं बसली, आणि पोट मात्र काठोकाठ भरलेल्या घागरीसारखं. डोळ्यांत पिवळी झाक. तिनं स्वतःवर सगळे उपाय केले. भुईआवळी घेतली. घेटुळीची भाजी रोज खाल्ली, तिनं लघवी मोकळी होते म्हणून. मीठ बंद. सूज चार दिवस उतरायची आणि पुन्हा भरायची. भिकू भगत विळा तापवून दाराशी आला तेव्हा ती पडल्या जागेवरून ओरडली, "आधी तुझ्या पोटाला टेकव. बरं वाटलं तर मला सांग." भिकू विळ्यासकट माघारी गेला.

गावाला कारण माहीतच होतं. नवरा गेला, हिनं बाटली धरली. ज्या बाईनं सावळ्याची मडकी स्वतः तीनदा फोडली होती, पोलिसांच्या आधी, तिच्याबद्दल हे बोलणं चाललं होतं. एक दिवस ती ताक मागायला आली, तर सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, "तोंडाला वास येतो का बघ गं तिच्या."

आणि मी वाकले. ताक ओतायच्या निमित्तानं वाकले आणि हुंगलं. आज लिहितानाही लाज वाटते. बाळाबाईच्या ते तेव्हाच ध्यानात आलं. तिनं माझी हनुवटी धरली, तोंड माझ्या नाकाशी आणलं आणि दोनदा 'हा, हा' करून श्वास सोडला. "हुंग. नीट हुंग. मंग जा आन् सासूला सांग."

लसणीचा वास आला. बाकी कसला नाही.

त्या दिवशी मी पहिल्यांदा घरात तोंड उघडलं. मला सातवा महिना होता, पौडच्या दवाखान्यात दाखवायला बैलगाडीनं जायचं होतं. मी म्हटलं, बाळाबाईला गाडीत घेईन, नाहीतर मीही जाणार नाही. पोटुशी सुनेशी वाद घालत नाहीत. ती संधी मी साधली.

डॉक्टर पुण्याकडचे, तरुण, स्वच्छ कपड्यांतले. त्यांनी पोट वाजवून पाहिलं, उजव्या बरगडीखाली बोटं रुतवली आणि विचारलं, "रोज किती पितेस?"

"दोन तांबे."

"दोन तांबे दारू?"

"पानी. दारू न्हाई पीत मी."

"सगळे असंच सांगतात. हे बघ, मी पोलीस नाही. तुझं यकृत कडक झालंय. यकृत म्हणजे काळीज, इथलं. त्यातून रक्त नीट पुढं जात नाही, म्हणून पोटात पाणी साठतं. दारू सोडली नाहीस तर वर्ष काढणार नाहीस."

बाळाबाई उठून बसली. त्या पोटानिशी उठून बसायला तिला किती वेळ लागला, ते आम्ही दोघं बघत राहिलो.

"काळीज मला नगं शिकवू," ती म्हणाली. "मी शेळ्या कापल्यात. घानेरीचा पाला खाल्ल्याली शेळी असती ना, तिचं डोळं पिवळं व्हत्यात. कापली तर काळीज सुजल्यालं, बिघडल्यालं. कुत्रं तोंड लावीत न्हाई. तर मला सांग, शेळीनं कवा दारू पिली?"

डॉक्टर हसायला गेले आणि मध्येच थांबले. "तू घाणेरी खाल्लीस का?"

"मी शेळी हाय व्हय?"

आता ते खरंच हसले. मग स्टूल ओढून तिच्यासमोर बसले आणि पहिल्यांदाच तिच्याशी माणसासारखं बोलले. म्हणाले, दारू हे मोठं कारण, पण एकटं नाही. जुनी कावीळ मुरते. रानातल्या काही पाल्यांत आणि बियांत विष असतं, ते रोज थोडं थोडं पोटात गेलं तरी यकृत असंच होतं. "तुझी भुईआवळी घे हवी तर. पण कडक झालेला भाग तिनं मऊ होईल, ही आशा धरू नकोस. जे शाबूत आहे ते वाचवायचं. मीठ बंद केलंस ते उत्तम. तू काय खातेस ते शोधून काढ. ते बंद झालं नाही तर मी कितीदा पाणी काढलं तरी पोट पुन्हा भरणार."

त्यांनी सुईनं पाणी काढलं. माफी काही मागितली नाही. पण तिच्या कागदावर आधी लिहिलेला एक शब्द त्यांनी खोडला. मी सातवी शिकलेली. मला वाचता आला. 'मद्यपान' असा होता.

परतीच्या वाटेवर ती गाडीत आडवी पडून बोटं मोजत होती. वाडीवर पोट फुगून गेलेले तिघं, फुगलेली पोटं अजून दोन. सगळी आमच्या खळ्यावर येणाऱ्या घरांतली. वाडीचे निम्मे लोक मात्र ताम्हिणीच्या रानात कोळसा पाडायला जायचे, वर्षाचे आठ महिने तिकडंच. "ते तर आमच्यापरीस जास्त पित्यात," ती म्हणाली. "कोळशावाल्याचं एकाचं पोट दाखव मला."

चौथ्या दिवशी ती आमच्या परसात आली. डोक्यावर टोपली होती, गेल्या साली मीच भरलेली, तळाशी उरलेलं मातेरं होतं. तिनं ते आमच्या कोंबड्यांपुढं ओतलं आणि मला म्हणाली, "बस हितं. बघ."

आम्ही दोघी उकिडव्या बसलो. कोंबड्यांनी ढीग विस्कटला, टकाटक वेचलं, पुन्हा विस्कटलं. थोड्या वेळानं त्या निघून गेल्या. मातीवर उरला कोंडा, खडे आणि बारीक, गुळगुळीत, तपकिरी दाणे. एकही दाणा कोंबडीनं उचलला नव्हता.

"वळखतीस?" तिनं विचारलं.

मी ओळखला. खुळखुळा. पिवळ्या फुलांचं झुडूप. वाळल्यावर शेंग हलवली की खुळखुळ वाजते, पोरं खेळतात. आमच्या वरीच्या उतारावर दोन वर्षं तो माजला होता, कारण दोन वर्षं सासऱ्यांनी वरीची खुरपणी केलीच नव्हती. डोंगरावरच्या पिकाला कशाला मजूर लावायचे, असं त्यांचं म्हणणं. बी वरीहून जरासं बारीक. चाळणीनं आमची वरी साफ व्हायची आणि ते सगळं चाळणीखाली, मातेऱ्यात उतरायचं. वाडीवर ते दळून भाकरी व्हायची. कडू लागायची. पण मातेरं कडूच असतं, अशी सगळ्यांची समजूत. माणसानं माणसाला दिलेलं खाणं होतं ना. कोंबडीनं जसं निवडून घेतलं तसं निवडायचं कुणाच्या मनात येणार?

मला रडू फुटलं. "माझं चुकलं, बाळाबाई," मी म्हटलं.

तिनं माझी समजूत घातली नाही. "चुकलंच," ती म्हणाली. "रडूनशान माझं काळीज मऊ व्हणार हाय का? ऊठ. वरी कापायला आलीया."

त्या आश्विनात जे झालं त्याला गावात अजून 'कातकरणींचा तमाशा' म्हणतात. खुशाल म्हणोत.

खळं झालं. सासरे, हैबतराव, काठी घेऊन कडेला बसलेले. चांगली वरी पोत्यांत गेली आणि सासूबाईंनी हाक मारली, "टोपल्या आणा गं." वाडीच्या अकरा बायका रांगेनं आल्या, अकरा टोपल्या पालथ्या घातल्या आणि त्यांवर बसल्या. सगळ्यांच्या पुढं बाळाबाई, पोट मांडीवर टेकवून.

"हे काय नवं?" सासरे म्हणाले.

"आबा, मातेरं नगं. मजुरी साफ दाण्यात घाल. चाळणीवरच्या."

"मातेरं तुमच्या वाडवडलांपासून चालत आलंय."

"वाडवडील बी पोट फुगून मेल्यात का, इचारलंस कवा? ह्यात खुळखुळा हाय. त्यानं काळीज जातंया."

सासरे गडगडाटी हसले. "काळीज जातं ते बाटलीनं. सावळ्या कशानं मेला? गाव आंधळं नाही, बाळे."

मला वाटलं ती चिडेल. ती शांतपणे कमरेची पुरचुंडी सोडत होती. पळसाच्या पानात एक भाकरी होती. तिनं ती खळ्याच्या मध्यावर, सासऱ्यांपुढं ठेवली. "तुझ्याच खळ्याची हाय. मी दारू पिऊन बरबाद झाले म्हनतोस, तू तर माळकरी हायेस. तुला काय व्हनार? खा."

सासऱ्यांनी भाकरीकडं पाहिलं, मग माझ्या दिराकडं, मग आभाळाकडं. शेवटी त्यांना वाट सापडली. "कातकरणीच्या हातची भाकरी खाऊ मी?"

त्या वेळी मी काय केलं ते सांगते, कारण तेवढंच एक मी बरं केलं. मी सुपात मातेरं घेतलं, घरात गेले, अवघडलेल्या अंगानं जात्यावर दळलं, माझ्या हातानं भाकरी थापली, भाजली, काशाच्या ताटात वाढली आणि पदर सावरत, सगळ्या पुरुषांमधून जाऊन सासऱ्यांपुढं ठेवली. त्यांचं जेवण रोज मीच वाढत होते. आता हाताचं कारण सांगायची सोय नव्हती. नवरा माझ्याकडं असा बघत होता, जणू मला कुणी झपाटलंय.

भाकरीत तपकिरी ठिपके दिसत होते. सासऱ्यांनी तुकडा मोडला. नाकाशी नेला. पुन्हा ताटात ठेवला आणि म्हणाले, "कुत्र्याला घाल जा."

"नगं, आबा," बाळाबाई म्हणाली. "कुत्र्यानं तुझं काय वाईट केलंय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. कोण ते मला माहीत आहे, पण तो मेला बिचारा, नाव घेत नाही. सासरे उठले, काठी आपटली आणि घराकडं चालू लागले. दहा पावलं गेल्यावर बाळाबाईनं मागून हाक दिली. "आबा, खाली भात पिकलाय. दाना गळायच्या आत कापाया पायजे. आमी अकरा जनी हितंच बसलोया."

दोन दिवस त्या बसल्या. सकाळी यायच्या, पालथ्या टोपलीवर बसायच्या, दिवस मावळला की वाडीवर जायच्या. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी दिराला सांगितलं, "मापून टाक काय ते." कशातलं, किती, का, काही बोलले नाहीत. दिरानं चाळणीवरच्या वरीचं पोतं सोडलं. मातेरं शेताच्या बांधाआड खड्ड्यात पुरलं. पुढच्या साली डोंगरउतारावर खुरपणी झाली आणि खुळखुळा फुलायच्या आत उपटला गेला. चूक झाली, हा शब्द मात्र त्या माणसाच्या तोंडून कधी आला नाही.

बाळाबाई त्यानंतर पाच वर्षं जगली. पोटाचं पाणी पुष्कळ उतरलं, पूर्ण कधी गेलं नाही. आधीची ताकद आली नाही. चढावर तीनदा बसायची आणि बसली की चढाला शिव्या द्यायची. वाडीवरची ती दोन पोटं मात्र उतरली. ती माणसं पुढं म्हातारी झाली. लोक म्हणायचे, भुईआवळीनं तारलं. पुन्हा तिच्या दाराशी रांग. ती पाला द्यायची, पण आधी तासभर चौकशी: काय खातीस, कुठलं खातीस, कुणी दिलं, कडू लागतं का? एका सावकाराच्या सुनेला तिनं पाला न देताच परत पाठवलं. "आधी दादल्याची बाटली फोड, मंग ये. दोन्ही हातांनी खड्डा उकरायचा आन् मला माती टाकाय लावायची, हे जमायचं न्हाई."

चौसष्ट साली शिमग्याच्या आधी तिला रक्ताची उलटी झाली आणि दुपारपर्यंत ती गेली. आधीच तिनं आपल्या लेकीला, ठमीला, बजावून ठेवलं होतं: वाडीच्या रीतीप्रमाणं मेल्या तोंडाला दारू लावतील, लावू द्यायची नाही. ठमीनं भिकू भगताच्या हातातली बाटली दगडावर फोडली. बारा-तेरा वर्षांची पोर, आईवर गेलेली.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक मृत्यूची नोंद करायला आमच्या ओट्यावर बसला. सासरे शेजारी. ठमी अंगणात उभी. ग्रामसेवकानं विचारलं, "कारण?"

कोतवाल म्हणाला, "दारू लिवा. कातकऱ्याचं दुसरं काय असतंय?"

मी आत चहा गाळत होते. भांडं तसंच ठेवून बाहेर आले. सुनेनं ओट्यावर पुरुषांत यायचं नसतं, आले. "दारू नाही," मी म्हटलं. "खुळखुळ्याचं बी. मजुरीच्या मातेऱ्यातून तिच्या पोटात गेलं. खळं या घरचं. तसं लिहा."

ग्रामसेवकानं सासऱ्यांकडं पाहिलं. सासरे अंगणाकडं बघत होते आणि अंगणात ठमी त्यांच्याकडं बघत होती. तिनं नजर काढली नाही. शेवटी सासऱ्यांनीच मान खाली घातली.

"असं कारण लिहिता येत नाही, वहिनी," ग्रामसेवक म्हणाला आणि त्यानं घाईनं काहीतरी लिहून वही मिटली. पुढं केव्हातरी पंचायतीत जाऊन मी ते वाचलं. 'पोटाचा विकार.' दारू लिहिली नव्हती, एवढंच ठमीनं आणि मी मिळवलं. कशानं झाला, कुणी केला, त्याला त्या वहीत जागा नव्हती.

म्हणून इथं लिहिलं. त्या टोपल्यांत मातेरं घातलं ते मी, सगुणा जयसिंग, राहणार माले. ज्याला अजूनही दारू म्हणायचं असेल, त्यानं माझ्या दारात येऊन, माझ्या तोंडावर म्हणावं.